पुढची पडवी

लेकीचं कॉलेज चिपळूणला. मागच्या जुलैत पाऊस असा लागला की एसटी बंद पडली आणि ती चार दिवस घरीच अडकली. लाइटही गेलेली. संध्याकाळी मी कंदिलाजवळ तांदूळ निवडत बसले होते आणि ती परीक्षेला लागलेली इंग्रजी गोष्ट वाचत होती. माझं इंग्रजी पोस्टातले फॉर्म भरण्यापुरतं. म्हणून ती एक वाक्य इंग्रजीत वाचायची, मग मला मराठीत सांगायची.

गोष्ट लहानशी, हजारएक शब्दांची. केट शोपँ नावाच्या अमेरिकन बाईनं १८९४ साली लिहिलेली. लुईज मॅलर्ड नावाची एक बाई आहे, हृदयानं अधू. रेल्वेच्या अपघातात नवरा गेल्याची बातमी येते. बहीण घाबरत घाबरत, तुटक बोलून ती तिला सांगते. लुईज ओक्साबोक्शी रडते, मग एकटीच वरच्या खोलीत जाऊन दार लावून घेते. खिडकीसमोर खुर्ची आहे, तीत बसते. बाहेर झाडांच्या शेंड्यांना नवी पालवी, पावसाचा वास, खाली रस्त्यावर फेरीवाल्याची हाळी, वळचणीला चिमण्या. बसल्या बसल्या तिला काहीतरी आपल्याकडे येतंय असं वाटायला लागतं. आधी ती भिते, ते मागे लोटायला बघते. मग तिच्या ओठांतून शब्द निघतो : मोकळी, मोकळी, मोकळी.

माझे हात सुपातच राहिले. लेकीला म्हटलं, "परत वाच."

पुढे येतं की नवरा चांगला होता. तिच्याकडे त्यानं प्रेमानंच पाहिलं होतं. तिचंही त्याच्यावर प्रेम होतं, कधी कधी. पुष्कळदा नव्हतं. कालपर्यंत आयुष्य लांबलचक असेल या विचारानं तिच्या अंगावर काटा यायचा, आणि आज ती देवाकडे लांब आयुष्य मागते. मग उठून दार उघडते, बहिणीच्या कमरेत हात घालून जिना उतरते आणि तेवढ्यात बाहेरच्या दारात किल्ली फिरते. नवरा आत येतो. तो त्या गाडीत नव्हताच, अपघात झाल्याचंही त्याला ठाऊक नाही. प्रवासानं मळलेला, हातात पिशवी आणि छत्री. लुईज तिथंच मरते. डॉक्टर सांगतात, आनंद झेपला नाही.

लेक म्हणाली, "आई, सर म्हणाले या शेवटच्या वाक्यावर प्रश्न येतो." मी काही बोलले नाही. मला त्या छत्रीपाशी आमचे आजोबा दिसत होते.

आमचं माहेर गुहागर तालुक्यात, रस्त्यापासून पाखाडीनं, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेनं, वर चढून जायचं. घर मातीचं, कौलारू. समोर अंगण, मग पुढची पडवी, माजघर, आणि मागच्या अंगाला मागची पडवी, जिथं चूल, जातं, पाण्याची भांडी. पुढच्या पडवीत बसलं की माडांच्या शेंड्यांवरून समुद्राची एक रेघ दिसते. आजोबा मुंबईला गिरणीत होते. लालबागला गावच्या मंडळींची एक खोली होती, तिथं पाळीपाळीनं झोपायचे आणि खानावळीत जेवायचे. शिमग्याला आणि गणपतीला घरी यायचे. एरवी महिन्याला मनीऑर्डर. पोस्टमन आला की आजी पदराला हात पुसून अंगठा द्यायची आणि कुपनावरचा मजकूर मी तिला वाचून दाखवायची. दर खेपेला थोड्याफार फरकानं तेच : पैसे मिळाल्याचे कळवणे, गुरांकडे लक्ष देणे, पोरांनी शाळा चुकवू नये.

बाकी सगळं आजीचं. भाजावळीला, म्हणजे शेताची जमीन भाजायला, पालाफांद्यांचा कवळ कुठून आणायचा, भाताच्या रोपांचा तरवा कधी काढायचा, लावणीला कोणाच्या घरची माणसं बोलवायची, त्यांच्याकडे आपण कधी फेड करायची, आंबा कधी उतरवायचा, हे सगळं ती ठरवायची. आमसुलं आणि काजूबी डोक्यावर घेऊन शृंगारतळीला जायची आणि भाव पटला नाही तर माल परत घेऊन यायची. मागच्या उतारावर तिनं गडगा घालून घेतला होता, स्वतः दगड वाहून. तिथं काजू लावायचे असं तिच्या मनात होतं.

संध्याकाळी गुरं आली, दिवा लागला की ती पुढच्या पडवीत यायची. खांबाला पाठ टेकायची, पाय सरळ अंगणाकडे पसरायचे, आणि डबी उघडून मिश्री लावायची. तंबाखू तव्यावर भाजून ती स्वतः कुटायची, त्या वासानं आम्हा पोरांना ठसका लागायचा. अर्धा तास ती कोणाशी बोलायची नाही. तिच्या तळपायांना भेगा होत्या, त्यांत चिखल कायमचा बसलेला. एवढं मोकळं बसलेलं दुसरं बाईमाणूस मी लहानपणी पाहिलं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले. आज मिटेल, उद्या मिटेल म्हणत आजोबा आणि आमचे बाबा दोघंही खोलीवर थांबले. बाबा पुढे काही वर्षं मुंबईतच मिळेल ते काम करत राहिले. आजोबा १९८३ च्या आगोटीला, पावसाच्या तोंडाला, परत आले. मी दहा वर्षांची. रातराणी एसटीनं आलेले, सकाळी पाखाडी चढून वर आले ते डोक्यावर पत्र्याची ट्रंक, खांद्याला वळकटी आणि हातात छत्री. आजी अंगणात शेण सारवत होती. तिनं पाहिलं, आणि हातातला गोळा तसाच बादलीत टाकून ती उठली. डोक्यावरून पदर घेतला.

आजोबांबद्दल मला एक वावगा शब्द लिहायचा नाही, कारण तसं काही नव्हतंच. दारू नाही, हात उचलणं नाही. आजीला ताप आला तर रात्री उशाशी बसून राहायचे. भेगांना लावायला मेण आणि तेल कढवून द्यायचे. आल्या आल्या ते तिला म्हणाले, "आता मी आलोय. तू दगदग करू नकोस." आणि खरोखरच त्यांनी तिची दगदग काढून घेतली. शृंगारतळीला ते जायला लागले. लावणीची माणसं ते सांगायला लागले. त्या उतारावर काजू नको, गवत राहू दे म्हणाले, आणि गवत राहिलं. आंबा उतरवायची वेळ आली तेव्हा आजीनं त्यांना विचारलं, "कधी काढायचे?" हे तिनं विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

आले त्या संध्याकाळपासून पुढच्या पडवीत आजोबा बसायचे. तिथं बसू नकोस असं तिला कोणी सांगितलं नाही. ती आपली मिश्रीची डबी घेऊन मागच्या पडवीत गेली आणि चुलीजवळ, तोंड भिंतीकडे करून बसायला लागली. पाय दुमडून.

हे मी पन्नाशी ओलांडेपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच वाटत नव्हतं. नवरा घरी आला ही चांगलीच गोष्ट. वाडीत कितीजणींचे आले नाहीत. पण शोपँबाईंनी नेमकी हीच जागा धरली आहे. नवरा दुष्ट दाखवला असता तर गोष्ट सोपी झाली असती, आपण हळहळलो असतो आणि मोकळे झालो असतो. त्यांनी चांगला नवरा घेतला. त्यांचं म्हणणं असं की एका माणसानं दुसऱ्याच्या मनावर आपलं मन चालवायचं, मग हेतू मायेचा असो की जुलमाचा, तो गुन्हाच. हे १८९४ सालचं आहे यावर माझा विश्वास बसेना. लेकीकडून सालं दोनदा तपासून घेतली.

लेकीनं मग त्यांची माहिती वाचून दाखवली आणि मला गोष्ट आणखी उमगली. केट पाच वर्षांची असताना, १८५५ मध्ये, तिचे वडील रेल्वे अपघातात गेले. नव्या मार्गावरची पहिली गाडी, पूल कोसळला. त्यानंतर ती आई, आजी आणि पणजी यांच्या घरात वाढली. तिघी विधवा, आणि तिघी आपला कारभार आपण पाहणाऱ्या. पुढे लग्न झालं, सहा मुलं झाली, १८८२ साली नवरा तापानं गेला, आणि त्याचं दुकान, कर्ज, जमीन हे सगळं काही काळ तिनं एकटीनं चालवलं. लिहायला लागली ती त्यानंतर. म्हणजे नवरा गेल्यावरचं ते खिडकीतलं वारं कसं असतं, हे तिला माहीत होतं. त्या गोष्टीत ऐकीव काही नाही. डिसेंबर १८९४ मध्ये 'व्होग' मासिकात ती छापून आली. पाच वर्षांनी 'द अवेकनिंग' ही कादंबरी आली तेव्हा मात्र टीकाकार तुटून पडले.

लेकीच्या पुस्तकात त्याच काळातली शार्लट पर्किन्स गिल्मन यांची पिवळ्या वॉलपेपरची गोष्टही आहे, १८९२ ची. तिथंही नवरा डॉक्टर, काळजी घेणारा, आणि त्या काळजीपोटीच बायकोला लिहायला बंदी. ती मला सोसली नाही, अर्ध्यावर थांबवली.

पण एक गोष्ट मला रात्रभर टोचत राहिली. लुईजला नवरा गेल्यावर मोकळं वाटतं. आमच्या कोकणात त्याच साली नवरा गेलेल्या बाईला काय वाटत असेल? तिच्यासाठी खिडकी कुठं होती? इथं नवरा गेला की दार बंद व्हायचं.

देवरूख आमच्यापासून लांब नाही. तिथली गोदूबाई जोशी आठ वर्षांची असताना तिचं लग्न झालं आणि काही महिन्यांतच नवरा वारला. पुढची पंधरा-सोळा वर्षं ती विधवा मुलगी म्हणून राबली. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं तेव्हा तिथं शिकायला येणारी ती पहिली विधवा. ११ मार्च १८९३ ला पुण्यात मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांशी तिनं लग्न केलं आणि ती आनंदीबाई झाली. दापोलीजवळच्या मुरुड गावानं कर्व्यांना वाळीत टाकलं. हे सगळं शोपँबाईंच्या गोष्टीच्या जेमतेम एक वर्ष आधीचं. तिकडे एका बाईला लग्नातून सुटल्याचा आनंद झाला म्हणून जीव गमवावा लागतो, आणि इकडे एका बाईला दुसऱ्यांदा लग्न करायचं म्हणून अख्ख्या गावाशी वैर घ्यावं लागतं. वरवर पाहता दोघी उलट दिशांना चालल्यात. मला नाही तसं वाटत. माझं काय करायचं ते मला ठरवू दे, एवढंच दोघी म्हणतात. आनंदीबाईंनी म्हातारपणी 'माझे पुराण' लिहिलं. ते जरूर वाचा.

आम्ही कुणबी. आमच्यात पाट लावायची, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न लावायची, रीत होती, केशवपन नव्हतं, त्यामुळे ते दुःख आमचं नाही असं आमच्याकडे अभिमानानं सांगतात. कुंकू मात्र आमच्यातही पुसतात.

कर्व्यांच्या हिंगण्याच्या शाळेत पुढे जी मुलगी शिकली तिनं बाईच्या मनातलं उघड लिहायचं धाडस मराठीत केलं. मालतीबाई बेडेकर, तेव्हाच्या बाळूताई खरे. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह त्यांनी विभावरी शिरूरकर या नावानं काढला आणि ही बाई कोण म्हणून गहजब उडाला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुली, त्यांच्या पगारावर टेकलेली घरं, लांबत जाणारी लग्नं. त्यांतल्या एका कथेचं नावच आहे 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' मी ते पुस्तक तालुक्याच्या वाचनालयातून आणलं होतं, १९९४ मध्ये. तेव्हा मी काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायचे. हाताला तेल-राख लावली तरी चिकानं बोटं काळी पडायची आणि कातडी सोलवटायची. पगार झाला की पाकीट न फोडता बाबांच्या हातात. संप मोडल्यापासून त्यांना धड काम लागलंच नाही, आणि पाठच्या दोघांची शाळा होती. मला दोन स्थळं आली ती आमच्याकडूनच मागे राहिली, 'यंदा नको' म्हणून. बाबांनी मला कधी दुखावलं नाही. पण ते शीर्षक वाचलं आणि मी पुस्तक मिटून काळ्या बोटांकडे बघत बसले. साठ वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका शिकलेल्या बाईला गुहागरातल्या काजू फोडणारीच्या मनातलं कसं कळलं? त्यानंतर मी एक गोष्ट केली. पुढच्या महिन्यात पाकीट फोडलं, वीस रुपये काढून घेतले आणि बाबांना सांगितलं की वीस काढलेत. बाबा म्हणाले, "बरं." इतकंच.

आजोबा १९९६ मध्ये गेले. माझं लग्न झालेलं होतं, मी धावत माहेरी आले. विहिरीवर बायकांनी आजीच्या बांगड्या फोडल्या. हिरव्या काचा पायरीच्या दगडांत अडकून राहिल्या होत्या, दुसऱ्या दिवशी पाणी भरताना माझ्या पायात एक घुसली. आजीनं ती सुईनं काढली आणि आम्ही दोघी रडलो. ती आजोबांसाठी मनापासून रडली, यात मला काही शंका नाही. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ही प्रथा बंद करायचा ठराव केला आणि मग सरकारनं तसं परिपत्रक काढलं, तेव्हा मी पोस्टात बसून पेपरातली ती बातमी तीन वेळा वाचली. आजी तोवर गेलेली होती.

वर्षश्राद्ध झाल्यावर मी चार दिवस राहायला गेले होते. शेवटच्या दिवशी संध्याकाळी मागं चुलीशी बघितलं तर आजी नाही. पुढं आले. ती पुढच्या पडवीत होती. खांबाला पाठ, पाय सरळ अंगणाकडे, मांडीवर डबी. चौदा वर्षांनी. मला बघून ती दचकली नाही, पाय ओढून घेतले नाहीत. जरा सरकून तिनं मला जागा दिली आणि म्हणाली, "बस गो बाय. हितं वारा बरा लागतो."

पुढच्या पावसाळ्यात उतारावर काजूची रोपं लागली. आज ती झाडं भावाच्या घराचा खर्च काढतात.

लेकीची गोष्ट ऐकल्यावर मी ती तिच्याकडून वहीत मराठीत उतरवून घेतली आणि आमच्या बचत गटाच्या बैठकीत वाचली. हप्ते गोळा झाले, वह्या भरून झाल्या, चहा झाला आणि मग वाचली. सोळा जणी होत्या. मला वाटलं होतं, नवरा मेल्यावर बाईला बरं वाटतं हे ऐकून चिडतील. कोणी चिडलं नाही. बराच वेळ सगळ्या गप्प होत्या. मग आमच्यातली एक मासळी विकणारी म्हणाली, "तिच्या खोलीला आतून कडी होती."

मी म्हटलं, "हो, दार लावून घेतलं असं आहे गोष्टीत."

"तेच म्हणते. माझ्या घरात आतून लावायला कडी फक्त मोरीला."

सगळ्यांनी आपापली घरं मनात फिरून पाहिली असावीत. माजघराला दार आहे तर कडी नाही, कडी आहे तर ती बाहेरून. एकीनं सांगितलं की तिला रडायचं असलं की ती नळ सोडून ठेवते. लुईजची बहीण दाराबाहेर गुडघे टेकून, किल्लीच्या भोकाला तोंड लावून विनवत असते की दार उघड, आजारी पडशील. त्या बहिणीचा एकीला फार राग आला होता. ती म्हणाली, "तासभर तर बसू द्यायचं होतं तिला."

मग विषय निघाला की नवरा आला नसता तर तिनं काय केलं असतं. गोष्टीत ते नाही, तेवढा वेळच तिला मिळत नाही. एकजण म्हणाली, आधी माहेरी गेली असती, परत कधी जायचं हे कोणाला न सांगता. दुसरी म्हणाली, उन्हं वर येईपर्यंत झोपली असती. मासळीवालीला वाटलं, तिनं पैसे मोजले असते, घरात किती आहेत ते. एक नवी सून आहे गटात, अजून फारशी बोलत नाही, ती म्हणाली की तिनं केस कापले असते. सगळ्या हसल्या, ती लाजली, पण शब्द मागे घेतला नाही.

आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या काकी कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांचा नवराही गिरणीत होता. मी त्यांना विचारलं, "काकी, तुम्हाला काय वाटतं?"

काकींनी थोडा विचार केला. "काय करायची? काही करायलाच हवं होय? बसली असती गो. खिडकीतच बसली असती आणखी थोडी."